पराभूत उमेदवारांचे ऋण

मराठीत 'उमेदवार' या शब्दाला दोन अर्थ आहेत. निवडणुकीस उभा राहणारा तो उमेदवार, हा आजचा रूढ अर्थ. परंतु याहून जुना असा एक अर्थ कचेऱ्यांतून आणि कारखान्यांतून अद्यापि पुरता लोपलेला नाही. पुढेमागे जागा मिळेल या आशेवर जो बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर खपतो, कारकुनाच्या शेजारी बसून दप्तर लिहितो, कारागिराच्या हाताखाली राबतो, तोही उमेदवारच होय. उमेद म्हणजे आशा. रोमन लोकांत अधिकारपदासाठी मते मागणारा गृहस्थ खडूने पांढराशुभ्र केलेला झगा पांघरून चौकात हिंडत असे व त्या पांढरेपणावरून उमेदवाराला इंग्रजीत नाव पडले. रोमन शब्दाने त्याचे वस्त्र पाहिले. मराठी शब्दाने त्याची आशा पाहिली आणि त्या आशेपोटी केलेली बिनपगारी चाकरीही पाहिली. या दोहोंत मराठी शब्द अधिक मर्मग्राही आहे असे म्हणावयास हरकत नाही.

निवडणुकीचा निकाल लागला की त्या दुसऱ्या अर्थाची कोणासही आठवण राहत नाही. जो निवडून आला त्याच्या गळ्यात हार पडतात, गुलाल उधळला जातो, पेढे वाटले जातात. जो निवडून आला नाही तो आपल्या भाषेत 'पडतो'. पावसाळ्यात भिंत पडावी तसा तो पडतो, आणि पडलेल्या भिंतीची विचारपूस जितकी होते तितकीच त्याचीही होते. लोकसभेस किंवा विधानसभेस पडलेल्या मोठ्या पुढाऱ्याचे निदान वर्तमानपत्रांत नाव तरी येते. नगरपालिकेच्या एखाद्या वॉर्डात, नळ, गटारे, दिवाबत्ती आणि शाळा एवढाच विषय घेऊन जो महिनाभर घरोघर फिरला आणि शेवटी थोड्या मतांनी मागे पडला, त्याच्या वाट्यास शेजाऱ्यांचे मंद हास्य आणि छापखान्याचे बिल याखेरीज काही येत नाही. म्हणून या पराभूतांचा विचार स्थानिक स्वराज्याच्या इतिहासातूनच करणे बरे. कारण त्या इतिहासात त्यांनी केलेले काम पुष्कळ आहे आणि त्याची नोंद मात्र फार थोडी आहे.

प्राचीनांनी या बाबतीत दोन आदर्श सांगून ठेवले आहेत. दोन्ही प्लुटार्कच्या लेखनातून आलेले आहेत. स्पार्टा नगरात तीनशे निवडक वीरांचे एक पथक असे व त्यात स्थान मिळणे हा मोठा बहुमान समजला जाई. पेडारेटस नावाच्या एका स्पार्टनाची त्या तीनशेंत निवड झाली नाही. तो हसतमुखाने घरी निघाला तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यास परत बोलावून हसण्याचे कारण विचारले. आपल्या नगरात आपल्यापेक्षा सरस असे तीनशे नागरिक आहेत याचा आनंद वाटतो, असे त्याने उत्तर दिले. दुसरी गोष्ट रोमच्या केटोची. कॉन्सलच्या पदासाठी तो उभा राहिला आणि पडला. रोममध्ये अशा पराभवानंतर उमेदवाराने आणि त्याच्या आप्तेष्टांनी तोंड लपवून बसावे अशी रीत होती. केटोने त्याच दिवशी अंगास तेल लावून मैदानात चेंडूचा खेळ खेळला आणि भोजन झाल्यावर तो नित्याप्रमाणे अनवाणी चौकात फिरावयास गेला.

या दोन्ही गोष्टी शाळेतील पुस्तकांस शोभतात आणि दोन्हींत थोरपणा आहे, यात शंका नाही. परंतु केटोच्या गोष्टीला प्लुटार्कनेच एक पुस्ती जोडली आहे, ती बहुधा कोणी सांगत नाही. सिसरोने केटोला दोष दिला. त्याचे म्हणणे असे की, त्या काळी राष्ट्राला केटोसारख्या कॉन्सलची गरज होती. असे असता त्याने लोकांची मने वळविण्याचा नीट प्रयत्नच केला नाही आणि एकदा पडल्यावर पुन्हा उभे राहण्याचे नावही घेतले नाही. याच केटोने पूर्वी प्रीटरच्या पदासाठी एकदा पडल्यावर दुसऱ्यांदा उभे राहून ते पद मिळविले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे सिसरोचा आक्षेप अधिकच टोचतो. पेडारेटस समाधानाने घरी गेला, केटो बेफिकिरीने चेंडू खेळला. दोघांचाही पराभव त्यांच्या स्वतःच्या मनात जिरला. नगराला त्या पराभवापासून काही मिळाले का, हा सिसरोचा प्रश्न आहे, आणि स्थानिक स्वराज्याच्या दृष्टीने तोच खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर पाहावयाचे तर रोमला जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या म्युनिसिपल कॉर्पोरेशनची १९०७ सालची निवडणूक त्यासाठी पुरेशी आहे.

त्या वेळची कॉर्पोरेशन १८८८ च्या कायद्याने बनलेली होती. तिचे सभासद ७२. त्यांपैकी ३६ शहरातील कर भरणारे मतदार वॉर्डावॉर्डांतून निवडून देत. १६ 'जस्टिस ऑफ दी पीस' या पदवीच्या गृहस्थांनी आपल्यापैकी निवडावयाचे. १६ सरकारने नेमावयाचे. आणि राहिलेल्या चारांपैकी दोन विश्वविद्यालयाच्या फेलोंनी व दोन व्यापारी चेंबरने पाठवावयाचे. शहराची लोकसंख्या १९०६ च्या खास शिरगणतीत ९,७७,८२२ भरली होती. त्या दहा लाखांच्या जवळपास पोहोचलेल्या वस्तीत मत देण्याचा अधिकार फारच थोड्यांस होता, आणि जस्टिसांचा मतदारसंघ तर त्याहूनही आटोपशीर. हे जस्टिस सरकारनेच नेमलेले असत. बडे व्यापारी, वकील, डॉक्टर, गिरण्यांचे मालक आणि युरोपियन अधिकारी अशी ती मंडळी होती.

या कॉर्पोरेशनमध्ये सर फिरोजशहा मेथा यांचे वजन किती होते हे आज सांगूनही खरे वाटणार नाही. १८८८ चा कायदा होताना कायदे कौन्सिलात काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या बरोबरीने त्यांनी जे परिश्रम केले त्यामुळे त्या कायद्याचे स्वरूपच पालटले होते. कॉर्पोरेशनचे अध्यक्षपद त्यांनी एकाहून अधिक वेळा भूषविले होते. अंदाजपत्रकातील एखादी रक्कम असो, पोलीस खर्चाचा बोजा शहरावर लादण्याचा सरकारचा विचार असो, कमिशनरचा एखादा प्रस्ताव असो, मेथांचे भाषण झाले की सभेचे मत ठरे. लोक त्यांना मुंबईचा बेताज बादशहा म्हणत. हे बिरुद कौतुकाचे असले तरी त्यात त्यांच्या विरोधकांची तक्रारही दडलेली होती. कारण नगरसभेत बादशहा असणे ही सर्वांशी निर्दोष गोष्ट नव्हे. त्यांच्या जिभेचा आणि जरबेचा धाक पुष्कळांना होता, आणि त्यांच्यासमोर दुसऱ्या कोणाचे डोके वर निघत नाही असे म्हणणारे सगळेच द्वेष्टे होते असे नाही.

१९०७ च्या आरंभी हा अंमल मोडावयाचा असा निश्चय काही बड्या युरोपियन गृहस्थांनी केला. अकाउंटंट-जनरल हॅरिसन हे त्यात पुढे होते. म्युनिसिपल कमिशनर शेपर्ड, पोलीस कमिशनर गेल आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांचीही नावे या खटपटीशी जोडली जातात. या मंडळीला मुंबईने 'कॉकस' असे नाव दिले. योजना साधी होती. जस्टिसांच्या सोळा जागा; तेव्हा सोळा नावांची एक यादी करावयाची, आणि आपल्या शब्दातील प्रत्येक जस्टिसाने त्या सोळांनाच मते द्यावयाची. मेथांचे नाव अर्थातच यादीत नव्हते. त्यांच्या बाजूचे मतदार आपापल्या मर्जीप्रमाणे, ओळखीप्रमाणे, जातीप्रमाणे मते विखरून टाकीत असता इकडे ही सोळा नावे एका दोरीत ओवलेली होती.

फेब्रुवारीत निकाल लागला. यादीतील सोळाच्या सोळा निवडून आले. सर फिरोजशहा सतरावे आले.

सतरावा क्रमांक हा मोठा विलक्षण क्रमांक आहे. सोळा जागांच्या निवडणुकीत सोळावा आणि पहिला यांत कायद्याने काहीच अंतर नाही. परंतु सोळावा आणि सतरावा यांच्यामध्ये सभागृहाचा दरवाजा आहे. ज्याने पस्तीस वर्षांच्या आसपास या नगरसंस्थेची सेवा केली, जिच्या घटनेवर ज्याच्या हाताचे ठसे होते, तो गृहस्थ त्या दरवाजाबाहेर राहिला.

येथे क्षणभर मागे जाणे अवश्य आहे; कारण मेथांना नगरकारणातील पराभव नवा नव्हता. त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचा प्रारंभच मुळी एका पराभवाने झाला होता. १८६५ पासून मुंबईचा कारभार जस्टिसांच्या मंडळाकडे आणि एका सर्वाधिकारी कमिशनरकडे होता. ते कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. त्यांनी शहर स्वच्छ केले, रस्ते रुंद केले, मंडई बांधली आणि खजिना मोकळा केला. १८७१ मध्ये करदाते खवळून उठले आणि कमिशनरचे अधिकारच काढून घ्या अशी मागणी जोराने होऊ लागली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांच्या मेथांनी एक निबंध वाचला. दोष कमिशनरच्या पदात नसून त्याच्यावर देखरेख करणाऱ्या मंडळात आहे. ते मंडळ सरकारनियुक्त न ठेवता करदात्यांकडून निवडलेले असावे, आणि अंमलबजावणी मात्र एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. श्रोत्यांना क्रॉफर्डसाहेबांचे शिर हवे होते. घटनाशास्त्र नको होते. सभा अनुकूल तर झाली नाहीच, उलट गोंधळात संपली. परंतु पुढच्याच वर्षी जो १८७२ चा कायदा झाला त्यात ६४ सभासदांची कॉर्पोरेशन, त्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडलेले, आणि कमिशनर कायम, अशी जी रचना आली, ती त्या हरलेल्या निबंधाच्याच वळणाची होती. सभेत पडलेले मत कायद्याच्या पुस्तकात उभे राहिले.

तेव्हा १९०७ मध्ये सतरावे आलेल्या या बासष्टीच्या घरातील गृहस्थाला केटोप्रमाणे चेंडू खेळण्याची सोय नव्हती. त्यांच्या पराभवाने मुंबईत जो क्षोभ झाला तो केवळ व्यक्तिपूजेचा होता असे मानणे चुकीचे होईल. एप्रिलमध्ये माधवबागेत नागरिकांची प्रचंड सभा भरली व तीत गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भाषण केले. गोखले पुण्याचे, मुंबईच्या नळगटारांशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध नव्हता. परंतु पुणे नगरपालिकेचा कारभार त्यांनी स्वतः अध्यक्ष म्हणून पाहिलेला होता आणि नगरसभा ही राजकारणाची पहिली शाळा होय हे ते जाणून होते. वादाचा खरा मुद्दा असा होता. मेथांना विरोध करण्याचा हक्क कोणासही होता. यादी करण्याचाही हक्क होता. आजचे सर्व पक्ष तेच करतात आणि त्यात कोणास वावगे वाटत नाही. आक्षेप होता तो यादी कोणी केली यावर. ज्या कमिशनरच्या कामावर कॉर्पोरेशनने देखरेख ठेवावयाची, त्याचेच नाव त्या कॉर्पोरेशनचे सभासद ठरविणाऱ्यांत घेतले जावे. ज्या पोलीस खात्याच्या खर्चावरून सरकारशी शहराचे भांडण, त्याचाच मुख्य त्यांत असावा. आणि मत देणारे जस्टिस तर बोलूनचालून सरकारच्या कृपेतले. गड्यांनीच धनी निवडावा असा तो प्रकार होता.

ही गोष्ट मुंबईला त्या निवडणुकीपूर्वी ठाऊक नव्हती असे नाही. पण मेथा सुखाने निवडून आले असते तर तिच्याबद्दल माधवबागेत सभा भरली नसती. १८८८ च्या घटनेत जस्टिसांच्या मतदारसंघाचे जे वैगुण्य होते ते मेथांनी आपल्या भाषणांतून सांगितले असते तर दहा जणांनी ऐकले असते. सतरावे येऊन त्यांनी ते सर्व शहराला दाखविले. पराभूत उमेदवारापासून नगराला काय मिळते, या सिसरोच्या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे. विजयी उमेदवार व्यवस्थेचे गुण सिद्ध करतो, निदान त्याला तसे वाटते. व्यवस्थेला भोक कोठे आहे ते पडणाऱ्याच्याच पायाला प्रथम लागते.

पुढे जे घडले ते नाटककाराने लिहिले असते तर प्रेक्षकांनी हसण्यावारी नेले असते. निवडून आलेल्या सोळांपैकी एका गृहस्थाचा कॉर्पोरेशनशी कंत्राटाचा संबंध असल्याचे निघाले. नगरसंस्थेशी देवघेव असणाऱ्याने तिच्या सभेत बसू नये हा नियम १८८८ च्या कायद्यातच होता. अशा तंट्यांचा निवाडा स्मॉल कॉज कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांनी करावयाचा असे. त्यांनी त्या गृहस्थांची निवड रद्द ठरविली आणि मतांच्या अनुक्रमाने पुढचे जे नाव, ते निवडून आल्याचे जाहीर झाले. पुढचे नाव सतरावे. ज्या कायद्याच्या घडणीत मेथांनी आयुष्याची उत्तम वर्षे घातली होती, त्या कायद्याच्या एका कलमाने त्यांना परत सभागृहात आणून बसविले.

मात्र हरलेला उमेदवार कोर्टात गेला आणि जिंकला, म्हणजे दर वेळी न्यायच झाला असे समजू नये. त्याच कालखंडातील लंडनची एक हकीकत याच्या अगदी उलट आहे, आणि तिचा मुंबईशी थोडा नातेसंबंधही आहे. मुंबईचा कायदा १८८८ चा. लंडन काउंटी कौन्सिलही त्याच साली झालेल्या कायद्याने अस्तित्वात आले. त्याच्या पहिल्या निवडणुका जानेवारी १८८९ मध्ये झाल्या. ब्रिक्स्टन विभागातून लेडी सँडहर्स्ट या विधवा बाई उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. त्यांचे पती पूर्वी हिंदुस्थानचे सरसेनापती होते. त्यांच्या विरुद्ध पडलेले बेरेसफर्ड होप हे गृहस्थ न्यायालयात गेले. स्त्रीला मत देण्याचा अधिकार असला तरी कौन्सिलात बसण्याचा अधिकार नाही, असा त्यांचा दावा. न्यायालयाने तो मान्य केला, अपिलातही तोच निकाल कायम झाला, आणि बाईंना मिळालेली मते वाया गेली असे धरून ती जागा पराभूत उमेदवाराला देण्यात आली. नगरातील बहुसंख्य मतदारांनी ज्यांना निवडले त्या घरी गेल्या. ज्यांना नाकारले ते खुर्चीवर बसले.

कायद्याच्या दृष्टीने मुंबईचा निवाडा आणि लंडनचा निवाडा यांत फारसा भेद नाही. दोन्ही ठिकाणी निवडून आलेली व्यक्ती अपात्र ठरली व तिच्या खालची वर आली. पण कंत्राटदाराला दूर ठेवणारे कलम नगराच्या तिजोरीचे रक्षण करते. स्त्रीला दूर ठेवणारे कलम कोणाचे रक्षण करीत होते हे सांगणे कठीण आहे. म्हणून पराभवाला स्वतःचे असे पुण्य नाही. पडणारा कशासाठी उभा होता, यावरच त्याचे मोल ठरते. लेडी सँडहर्स्ट १८९२ मध्ये वारल्या. काउंटी आणि बरो कौन्सिलांत बसण्याचा हक्क इंग्लंडातील स्त्रियांस कायद्याने मिळाला तो १९०७ मध्ये, म्हणजे मुंबईत मेथा सतरावे आले त्याच वर्षी. बाईंचे चिरंजीव दुसरे लॉर्ड सँडहर्स्ट हे १८९५ ते १९०० पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. प्लेगच्या दिवसांतील त्यांच्या कारभाराची आठवण महाराष्ट्राला गोड नाही, आणि सँडहर्स्ट रोड हे नाव त्यांच्यामुळेच मुंबईकरांच्या तोंडी बसले. त्यांच्या मातोश्रींची ओळख मात्र मुंबईला कधी झाली नाही. त्या आपली जागा हरल्या, पण त्यांच्या बाजूने पडलेली मते पुढे अठरा वर्षांनी मोजली गेली असे म्हणता येईल.

आता या थोरामोठ्यांना सोडून साध्या उमेदवाराकडे वळावे. मेथांच्या मागे माधवबाग होती, गोखले होते, कायदा होता. वॉर्डातून उभ्या राहणाऱ्या सामान्य माणसाच्या मागे यांपैकी काहीच नसते. त्याचे नगरावर काय उपकार? पहिला उपकार इतका उघड आहे की तो दिसतच नाही: तो उभा राहिला म्हणून निवडणूक झाली. एका जागेला एकच अर्ज आला तर मतदानाची पेटी उघडावीच लागत नाही. तेव्हा मतदाराला मत असूनही तो देऊ शकत नाही.

बिनविरोध निवडीचे आपल्याकडे मोठे कौतुक असते. गावात तंटा नको, भावकीत वैर नको, खर्च नको, ही कारणे खोटी नाहीत. ज्या गावाने निवडणुकीपायी घरे फुटलेली पाहिली आहेत त्याला शहाणपण शिकविण्याचा अधिकार शहरी वक्त्यांना नाही. परंतु एकमत आणि गप्प बसविणे यांतील भेद बाहेरून दिसत नाही, आणि धोका तेथेच आहे. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. कारण त्या गावांत पदांचा चक्क लिलाव झाल्याचे आढळले होते. उमराण्यात बोली दोन कोटी रुपयांच्या वर गेल्याचे प्रसिद्ध झाले होते, आणि पैसा देवळाच्या बांधकामासाठी म्हणून बोलला गेला होता. देवाचे नाव पुढे असले म्हणजे बोली बोलणाऱ्यालाही पुण्य लाभल्यासारखे वाटते. पण लिलावाची पहिली अट काय असते? बोली संपल्यावर दुसऱ्या कोणी अर्ज भरावयाचा नाही. हरण्याची तयारी ठेवून एकाने जरी अर्ज भरला तरी तो सौदा फुकट जातो. निश्चित पडणार हे ठाऊक असूनही उभा राहणारा जो वेडा गावाला वाटतो, तो गावाचे मत विक्रीस काढू देत नाही. त्याला मते पन्नास पडोत की पाच. त्याचे काम अर्ज भरला त्याच क्षणी पुरे झालेले असते.

दुसरी गोष्ट अशी की, निवडून येणारा मनुष्य निवडून येण्यापूर्वी जे बोलतो त्यातील निम्मे त्याच्या प्रतिस्पर्ध्याने त्याच्याकडून वदविलेले असते. एकाने सभेत नळाचे पाणी दिवसाआड येते हे सांगितले की दुसऱ्याला त्याचे उत्तर द्यावे लागते. एकाने शाळेचे छप्पर दाखविले की दुसऱ्याला ते पाहावयास जावे लागते. जॉर्ज बर्नार्ड शॉ हे नाटककार म्हणून जगाला ठाऊक आहेत. परंतु ते लंडनच्या सेंट पँक्रास भागात १८९७ पासून सहा वर्षे नगरसभासद होते आणि तेथे त्यांनी ज्या विषयावर सर्वांत चिवटपणे भांडण केले तो विषय होता स्त्रियांसाठी सार्वजनिक शौचकूप. सभासदांनी नाके मुरडली. १९०४ मध्ये शॉ काउंटी कौन्सिलच्या निवडणुकीस उभे राहिले आणि पडले. नगरांनी स्वतःचे उद्योग का चालवावेत यावर त्यांनी त्याच साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. नगरसभेत घालविलेल्या वर्षांचा अनुभव त्यात उतरला आहे. ते निवडून आले असते तर कौन्सिलच्या समित्यांना एक बोलका सभासद मिळाला असता आणि रंगभूमीचे थोडे नुकसान झाले असते. पण ज्या विषयाचे नाव काढण्यास प्रतिष्ठित मंडळी लाजत तो नगरकारणाचा विषय आहे, हे त्यांनी एकदा बोलून ठेवले ते बोलूनच ठेवले.

असे विषय बोलून ठेवणारे आणि मग घरी बसणारे लोक प्रत्येक शहरात होऊन गेले. कोणी स्मशानाच्या रस्त्यासाठी उभा राहिला, कोणी भंगी वस्तीतील नळासाठी, कोणी मुलींच्या शाळेसाठी. नळ पुढे आला, रस्ता पुढे झाला; कोनशिलेवर नाव लागले ते त्या वेळच्या अध्यक्षांचे. त्यात अध्यक्षांचा अपराध नाही. कोनशिलेवर जागाच थोडी असते. पण म्युनिसिपालिटीचा इतिहास लिहिणारे ठराव पाहतात, अंदाजपत्रके पाहतात, अध्यक्षांची यादी छापतात, आणि निवडणुकीच्या निकालपत्रातील जाड रेघेच्या खालची नावे वाचीत नाहीत, हा मात्र इतिहासकारांचा अपराध आहे. त्या नावांत पुढच्या दहा वर्षांचे ठराव लपलेले असतात.

सर्वच पडलेल्यांना या कृतज्ञतेत वाटा द्यावा असे नाही. माघार घेण्याचे मोल पदरात पाडून घेण्यासाठी अर्ज भरणारे असतात. दुसऱ्याची मते फोडण्यासाठी कोणी तरी उभे केलेले असतात. त्याच नावाचा दुसरा गृहस्थ शोधून काढून मतदाराला चकविण्याची कलाही आपल्याकडे बरीच विकसित झाली आहे. हे उमेदवार नव्हेत, निदान त्या जुन्या अर्थाने तरी नव्हेत. कारण त्यांनी बिनपगारी काहीच केलेले नसते. ज्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या विचाराने, पदरमोड करून लोकांपुढे जाऊन नकार ऐकला त्याच्याबद्दलच हे बोलणे आहे. चार माणसांसमोर नकार ऐकणे कोणालाच रुचत नाही. येथे तर सगळे गाव तो नकार मोजून, आकड्यांत, फलकावर लिहून लावते.

मुंबईत कॉकसचा बहर फार काळ टिकला नाही. सर फिरोजशहा १९०७ नंतरही कॉर्पोरेशनमध्ये पूर्वीच्याच धडाडीने वावरले. एका प्रबळ वर्तमानपत्राचा विरोध म्हणजे काय असतो याचा अनुभव घेतलेल्या या गृहस्थांनी १९१३ मध्ये 'बॉम्बे क्रॉनिकल' सुरू केले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर सात वर्षांनी, १९२२ मध्ये, मुंबईच्या म्युनिसिपल कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. सभासदांची संख्या १०६ करण्यात आली, त्यांपैकी ७६ वॉर्डांतून निवडावयाचे ठरले, आणि मताचा अधिकार दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकऱ्यापर्यंत खाली आला. स्त्रियांना सभासद होण्याची मोकळीक मिळून १९२३ मध्ये अवंतिकाबाई गोखले, सरोजिनी नायडू यांच्यासह चार स्त्रिया सभागृहात आल्या. जस्टिसांचा मतदारसंघ मात्र त्या कायद्यातून वगळण्यात आला; ज्या सोळा जागांच्या यादीत मेथा सतरावे आले होते त्या सोळा जागाच मुंबईच्या कॉर्पोरेशनमध्ये उरल्या नाहीत.